मधले चार सेकंद

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून घाबरायला सुरुवात. तशी मी एरवीही घाबरते. पालीला, दंतवैद्याला, नवऱ्याच्या आत्याला. पण ती किरकोळ भीती. ही ठोक आहे.

रेडिओवरचा आमचा कार्यक्रम बंद झाला. एकोणीस वर्षं दादा (नात्याने नव्हे, रेडिओवरचे) आणि मी छत्रीदुरुस्तीच्या दुकानात भांडणारे भाऊ-बहीण होतो. दर शुक्रवारी अर्धा तास. दुकान नव्हतं, छत्र्याही नव्हत्या. ध्वनिमुद्रक माइकसमोर एक मोडकी छत्री उघडायचा-मिटायचा, तेवढ्यावर आमचा सगळा धंदा. आता तेच दुकान टेलिव्हिजनवर न्यायचं ठरलंय. दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता, थेट प्रक्षेपण. म्हणजे चुकलं की चुकलं, आणि तेही चारचौघांत.

टेलिव्हिजनचे कार्यक्रमप्रमुख, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणतात, त्यांनी आम्हाला बोलावून हे सांगितलं. मी म्हटलं, "पण साहेब, लोकांनी मला कधी बघितलेलं नाही."

"म्हणूनच तर बघायचंय त्यांना," ते म्हणाले.

दादा साहेबांच्या तोंडाकडे टक लावून बसले होते. बाहेर आल्यावर मला विचारलं, "थेट म्हणाले ना, चिमणे? आधी भरून ठेवलेलं नाही?" मी म्हटलं, "थेटच." तर जिन्याच्या पायरीवर मटकन बसले. मला वाईट वाटायला हवं होतं, पण बरं वाटलं. म्हटलं, चला, सोबत आहे.

(चिमणी हे माझं बारशातलं नाव नव्हे. बावीस वर्षांची असताना रेडिओवर आले, तेव्हा आवाज फार चिवचिवायचा. आता एक्केचाळीस संपतील, आवाज खाली आला, नाव वरच राहिलं.)

नवरा छापखान्यात मुद्रितशोधक आहे. तो म्हणाला, "लिहून काढ. लिहिलेलं समोर असलं की चुका सापडतात." म्हणून ही वही. तो वाचणार नाही असं कबूल केलंय. वाचली तर पेन्सिलीच्या खुणा दिसतीलच.

११ फेब्रुवारी

कॅमेऱ्यासमोर चाचणी. समोरच्या पडद्यावर स्वतःला बघितलं. बोलताना माझ्या हनुवटीखाली आणखी एक हनुवटी आहे आणि तिचं मत माझ्यापेक्षा वेगळं असतं. मी डावीकडे वळले की ती जरा विचार करून मग येते.

आमचा दिग्दर्शक तरुण आहे, हुशार आहे, सतत घाईत असतो. मला म्हणाला, "बाई, तुम्ही सारखं दादांकडे बघून बोलताय. कॅमेऱ्याकडे बघा. तो लाल दिवा लागतो ना, तो म्हणजे प्रेक्षक."

एकोणीस वर्षं मी दादांच्या चेहऱ्याकडे बघून बोलत आले. माइकच्या पलीकडे ते, अलीकडे मी, दोघांच्या कानांवर हेडफोन, मध्ये कागद. माझं वाक्य संपायच्या आत त्यांच्या भुवईवरून कळायचं की पुढचं कसं येणार. आता दिव्याशी भांडायचं.

दादांनी दिग्दर्शकाला विनंती केली, "हिला माझ्याकडेच बघू द्या ना." तो हसला. "दादा, मग लोकांना बाईंचा कानच दिसेल." सगळे हसले. दादाही हसले, पण जरा मागून.

१९ फेब्रुवारी

आज दादांनी मला दुखावलं.

तालीम संपल्यावर बाजूला घेऊन म्हणाले, "चिमणे, एक कबूल कर. कागदावर आहे तेवढंच बोल. पदरचं काही घालू नकोस."

माझं सगळं नावच पदरच्या वाक्यांवर झालंय! लेखक लिहितो ते लोक ऐकतात आणि मी मध्येच घालते त्याला हसतात, हे दादांना माझ्याहून जास्त माहीत. एकोणीस वर्षांत कधी अडवलं नाही. मी विचारलं, "का?"

"तिथे कागद हातात असायचा. इथे पाठ करायचंय. घोटाळा होईल."

"तुमचा की माझा?"

"माझा," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. मी बरं म्हटलं.

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की दादांना आता माझा हशा खुपायला लागलाय. तो म्हणाला, "हे वाक्य पुन्हा तपासून बघ." त्याला सगळंच तपासून बघायचं असतं.

२८ फेब्रुवारी

उद्या पहिला भाग. सकाळपासून काही खाल्लेलं नाही. लेकीने विचारलं, "आई, तू हात का चोळतेयस?" मला कळलंच नव्हतं.

२ मार्च, रविवार

झालं. जिवंत आहे.

लाल दिवा लागला आणि माझं डोकं पाटीसारखं कोरं झालं. समोर चाळीस प्रेक्षक बाकांवर, त्यामागे अंधार, अंधारात न दिसणारे हजारो. पहिलं वाक्य आठवेना. मग जीव मुठीत धरून तोंडाला येईल ते बोलले. दिव्याकडे बघत म्हटलं, "आमच्या दादाला सकाळपासून शोधतेय, छत्रीत गुंडाळला गेला की काय!"

दादांनी यावर काय म्हणावं? म्हणाले, "साडेनऊ." कागदावर माझा प्रश्न होता, दुकान किती वाजता उघडलंस. त्याचं उत्तर त्यांनी इमानेइतबारे दिलं.

लोक इतके हसले की बाक हलले. माझ्या वाक्याला नव्हे, त्यांच्या साडेनऊला.

पुढे दोनदा तसंच झालं. मी घाबरून काहीतरी घातलं, त्यांनी भलतंच उत्तर दिलं, आणि हशा त्यांच्या पदरात. शेवटी दिग्दर्शकाने त्यांना मिठी मारली. "दादा, काय वेंधळेपणा उभा केलात!" दादा घामाने निथळत होते. मला म्हणाले, "चिमणे, कबूल केलं होतंस."

म्हणजे चूकही माझी.

९ मार्च

वर्तमानपत्रात आलंय. दादांवर सहा ओळी: 'आपल्याच तंद्रीत असलेला भाऊ'. माझ्यावर अर्धी: 'बहिणीच्या भूमिकेत अनुभवी साथ'. अनुभवी! म्हणजे वय झालेली.

परवा दादांना तीनदा फोन केला. तिन्ही वेळा वहिनींनी उचलला. एकदा ते अंघोळीला, एकदा फिरायला, एकदा झोपलेले. "मला सांगा ना, मी निरोप देते." पूर्वी वहिनींना फोनजवळ फिरकू द्यायचे नाहीत. आता माझ्याशी बोलायचंच नाहीये, हे स्पष्ट आहे.

लेक मात्र त्यांच्या बाजूची. म्हणे, "मामा हल्ली किती नीट ऐकतात, आई. मी बोलत असले की नजर हलवत नाहीत. मला वाटलं माझ्या दातात काही अडकलंय."

वयात आलेल्या मुलीला कोणीही लक्ष दिलं की बरं वाटतं.

२३ मार्च



काल चौथा भाग. दुसऱ्या प्रवेशात मी म्हणते, "मग काय, विकून टाकायचं दुकान?" त्यावर दादांचं वाक्य. माझं बोलून झालं. लाल दिव्याकडे तोंड, पाठ जवळजवळ दादांकडे. वाक्य आलं नाही.

नंतर सांगितलं की चार सेकंद होते. मला विचाराल तर त्या वेळात मी म्हातारी झाले. प्रेक्षकांतला एक जण खोकला. कॅमेरावाल्याने मान कॅमेऱ्याआडून बाहेर काढली. मी दिव्याकडे बघून हसत राहिले आणि ते हसू माझ्या तोंडावर वाळून गेलं. शेवटी वळून बघितलं तर दादा शांतपणे छत्रीची काडी वाकवत होते. माझा चेहरा दिसताच त्यांनी लगेच वाक्य म्हटलं. लगेच! म्हणजे वाक्य तोंडात तयार होतं. राखून ठेवलं होतं.

कोणी हसलं नाही.

मला आता खात्री वाटतेय. ते मला उघडं पाडताहेत. मला काढतील, त्यांना ठेवतील, आणि 'तंद्रीतला भाऊ' एकटाच दुकान चालवेल. मला दुसरं काय येतं? एकोणीस वर्षं एकच काम केलं, लोकांनी तोंडही न बघता.

२४ मार्च

साहेबांकडे गेले होते. नवऱ्याला सांगितलेलं नाही.

म्हटलं, "दादांना हे माध्यम जमत नाहीये. वाक्य उशिरा येतं. टायमिंग गेलंय त्यांचं."

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "मलाही तेच वाटत होतं. पण लोक त्यांच्यावर खूश आहेत. माझ्या एकट्याच्या शब्दावर वरचे ऐकणार नाहीत. तुम्ही लेखी द्याल?"

मी दिलं. त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच पेनाने. अर्धं पान.

बाहेर आल्यावर जिन्यात दादा भेटले. म्हणाले, "अगं, केवढी पांढरीफटक झालीयस! काही खाल्लंस का?" मी म्हटलं, "हो." मग बसथांब्यापर्यंत सोबत आले. रस्त्याच्या कडेने मी चालायला लागले तर मला हलकेच दुसऱ्या बाजूला घेतलं. हल्ली नेहमी असंच करतात, मला डावीकडेच ठेवतात. मी विचारलं, तर म्हणाले, "गाड्या येतात ना."

गाड्या त्यांच्या डावीकडूनच येत होत्या.

७ एप्रिल

दिग्दर्शक सोडून चालला, त्याला सिनेमा मिळाला. साहेबांनी मला बोलावलं तेव्हा वाटलं, नारळ मिळतोय. तर म्हणाले, "पुढचे भाग तुम्ही बसवा. दिग्दर्शनही तुमचं, भूमिकाही."

मी म्हटलं, "मला यातलं काही कळत नाही."

"दादांनी सुचवलंय तुमचं नाव. म्हणाले, दुकान तिला आतून माहीत आहे."

आणि माझ्या पत्राचं काय, हे विचारायचं धाडस झालं नाही. तेही काही बोलले नाहीत. पत्र त्यांच्या खणात आहे, एवढं मला दिसलं.

दादांनी का सुचवलं असेल? विचार करून डोकं शिणलं. एकच उत्तर येतं: बुडणाऱ्या जहाजाची कप्तान मी असावी. नवरा म्हणाला, "किंवा त्यांना तू चांगली वाटत असशील." तो सरळ माणूस आहे. छापलेल्या अक्षरांपलीकडचं त्याला दिसत नाही.

१० एप्रिल

दिग्दर्शनाचा पहिला दिवस. वरच्या काचेच्या खोलीत बसायचं, खाली स्टुडिओ दिसतो. समोर तीन छोटे पडदे आणि एक माइक. त्यात बोललं की आवाज खाली कर्ण्यातून घुमतो. माझाच आवाज ऐकून मी दचकले.

"दादा, दोन पावलं डावीकडे."

दादा हलले नाहीत. छत्र्यांच्या फळीकडे बघत उभे.

"दादा, डावीकडे."

काही नाही. खालचे सगळे वर बघायला लागले, मग दादांकडे, मग परत वर. फ्लोअर मॅनेजर म्हणजे खाली उभा राहून सगळ्यांना हातवाऱ्यांनी सूचना देणारा माणूस. त्याने दादांच्या दंडाला हात लावला आणि बोटाने दाखवलं. तेव्हा हलले.

असं तीनदा झालं. सगळ्यांसमोर माझा पाणउतारा. शेवटी मी धाडधाड जिना उतरून समोर जाऊन उभी राहिले. "दादा, माझं ऐकायचं नसेल तर सरळ सांगा."

"ऐकतो ना," ते म्हणाले. "तू अशी समोर येऊन सांग, तू म्हणशील ते करीन."

म्हणजे मी प्रत्येक वेळी जिना उतरायचा. दिवसभरात अकरा वेळा उतरले. गुडघे बोलायला लागलेत. पण हे कबूल करायला हवं, समोर उभं राहून सांगितलेलं त्यांनी प्रत्येक वेळी एका फटक्यात, अचूक केलं.

१७ एप्रिल

काय लिहू?

दुपारची तालीम. दादा दुकानाच्या मांडणीत मधोमध उभे, हातात कागद, ओठ हलवत पाठ करत होते. मी वर काचेत. छताच्या सळईवरचा मोठा दिवा, अगदी त्यांच्या डोक्यावरचा, एका बाजूने सुटलेला मला दिसला. मी माइकमध्ये किंचाळले, "दादा, मागे व्हा!" कर्णा फाटेल एवढ्या मोठ्याने. खालीही सगळे ओरडले. सुतार ओरडला, कॅमेरावाले ओरडले, फ्लोअर मॅनेजर ओरडत धावला, पण तो पार दुसऱ्या टोकाला होता.

दादा पान उलटत होते.

दिवा पडला. त्यांच्या उजव्या खांद्यापासून हातभर अंतरावर. फळ्या हादरल्या, काचा त्यांच्या पायावर उडाल्या, तेव्हा त्यांनी वर बघितलं. आम्ही सगळे तोंडं उघडी टाकून उभे होतो. त्यांनी आमच्याकडे बघितलं, एकेकाच्या तोंडाकडे. आणि हसले.

त्यांना वाटलं, आम्ही हसतोय.

मी त्या काचेला हात लावून उभी होते. होते तिथेच खाली बसले. साडेनऊ. फोन. डावी बाजू. ते चार सेकंद. सगळं एकदम अंगावर आलं, त्या दिव्यासारखंच.

१८ एप्रिल

शनिवारचा भाग रद्द, सगळे दिवे तपासताहेत.

सकाळी दादांच्या घरी गेले. वहिनींनी दार उघडलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता आत चहा ठेवायला गेल्या. दादा खिडकीशी, पायाला पट्टी. मी समोर बसले आणि म्हटलं, "किती दिवसांपासून?"

"सात वर्षं." जणू वाटच बघत होते या प्रश्नाची. "उजवा पूर्ण गेला. डाव्यात या वर्षापासून नुसती घरघर येते, शब्द येत नाहीत. डॉक्टर म्हणतात, हाही जाईल."

"सात वर्षं? आणि रेडिओ?"

"हेडफोन होते ना. ध्वनिमुद्रक माझ्या हेडफोनचा आवाज पार वर चढवून ठेवायचा. देवमाणूस, कोणाला बोलला नाही. शिवाय तुझी वाक्यं कागदावर. तू पदरचं काही घालणार असलीस की आधी तुझी नाकपुडी फुगते. मी बघत असायचो."

मी रडायला लागले. ते म्हणाले, "रडताना बोलू नकोस, ओठ वाचता येत नाहीत."

"मला का नाही सांगितलंत?"

म्हणाले, "विनोदी माणसाला ऐकू येत नाही म्हटलं की लोक हसणारच गं. पण मग ते माझ्या विनोदाला हसताहेत की मला, हे मला कधीच कळलं नसतं. आणि तुला सांगितलं असतं, तर तू सांभाळून घेत बसली असतीस. भांडली नसतीस. आपलं सगळं भांडणावरच तर चाललंय."

"मला दिग्दर्शक करा, असं का सांगितलंत साहेबांना?"

"दुसरा कोण जिना उतरून समोर येईल?"

पत्राचं मी सांगितलं नाही. जिभेवर आलं होतं. चहाबरोबर गिळलं. मी अशी आहे.

२१ एप्रिल

साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझं पत्र, वर त्यांच्या वरिष्ठांची सही.

"मंजूर झालं," ते म्हणाले. "तीन मेपासून दादांच्या जागी दुसरा नट. तुमच्या पत्रानेच काम झालं. एकोणीस वर्षं सोबत काम केलेल्या बाईचं मत म्हटल्यावर कोणी प्रश्न विचारला नाही."

मी म्हटलं, "मला ते परत घ्यायचंय."

"का?"

खरं सांगितलं तर दादा आजच बाहेर. नाही सांगितलं तर तीन मेला बाहेर. मी म्हटलं, "मी घाबरले होते म्हणून लिहिलं. दोष त्यांचा नव्हता, मांडणीचा होता. मला एक भाग द्या. सव्वीस तारखेचा. माझ्या पद्धतीने बसवते."

"आणि फसला तर?"

"मग मीही जाते."

हे मी बोलले? माझ्याच तोंडून निघालं. साहेब म्हणाले, "हेही लेखी द्याल?"

दिलं. साहेबांच्या टेबलापाशी बसले की माझा हात लिहीतच सुटतो.

२२ एप्रिल

दादांना सांगितलं.

स्टुडिओच्या मागच्या बाजूला, जिथे जुनी नेपथ्यं उभी करून ठेवतात तिथे. मी मान खाली घालून पुटपुटले. सगळं सांगून टाकलं आणि थांबले.

ते म्हणाले, "मान वर कर. काही दिसलं नाही मला."

पुन्हा सांगायचं. त्यांच्या डोळ्यांत बघून, एकेक शब्द ओठांवर नीट आणून. "मी. साहेबांना. लेखी दिलं. की तुम्हाला. काढा." आयुष्यात इतकं स्वच्छ कधी बोलले नसेन. त्यांची नजर माझ्या ओठांवर होती आणि प्रत्येक शब्द पोचताना मला दिसत होता.

ते उठले. एका रंगवलेल्या दारापाशी गेले, कडी नुसती रंगवलेली होती तिला हात लावला. मग पाठमोरे असतानाच म्हणाले, "कधी दिलंस?"

मी उत्तर दिलं. त्यांना ऐकू जाणार नव्हतं, त्यामुळे समोर गेले आणि पुन्हा दिलं. "चोवीस मार्चला."

"त्या दिवशी तुला बसथांब्यापर्यंत सोडायला आलो होतो."

"हो."

"खाल्लंस का म्हणून विचारलं."

"हो."

क्षमा केली वगैरे काही म्हणाले नाहीत. मी मागितलीही नाही, तेवढी लाज होती. म्हणाले, "उद्या नऊ वाजता येतो. कामाचं बोलू. बाकीचं मला आत्ता बोलता येणार नाही."

२४ एप्रिल

दोन दिवस सगळं उलटंपालटं केलं. गल्ला दुकानाच्या मधोमध आणला, म्हणजे आम्ही दोघं समोरासमोर. कॅमेरे दोन्ही बाजूंना. लोकांना आमचे कान दिसले तर दिसू देत. फ्लोअर मॅनेजर माझ्या खांद्यामागे, कॅमेऱ्यात न येता, दादांना खुणा करायला उभा राहील. गिऱ्हाईक दार वाजवतं ते दादांना कळावं म्हणून दाराला दुधी काच लावली आणि मागे दिवा. वाजवणाऱ्याची सावली पडली की दादा वळणार.

फ्लोअर मॅनेजरला विश्वासात घ्यावं लागलं. तो म्हणाला, "बाई, मला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. माझे वडील असेच होते." सुतारालाही माहीत होतं. घरी सांगितलं तर लेक म्हणाली, "आई, तुला खरंच कळलं नव्हतं?" नवऱ्याने नुसतं वर बघितलं आणि परत मुद्रितात मान घातली.

झोप नाही. दादा वेळेवर येतात, सांगेन ते करतात, आणि कामापलीकडे एक शब्द बोलत नाहीत.

२७ एप्रिल, रविवार

सविस्तर लिहिते. कारण पुढे काय होईल ते ठाऊक नाही.

प्रक्षेपणाच्या वेळी बटणं दाबायला वर मदतनीस होती, मी खाली गल्ल्यापाशी. साहेब प्रेक्षकांत, शेवटच्या बाकावर, मांडीवर फाईल. पहिली बारा मिनिटं झकास. आम्ही पूर्वीसारखे भांडलो. त्यांची भुवई, माझं वाक्य, त्यांचं उत्तर, मध्ये केसही जाणार नाही. मला कॅमेऱ्याचा विसर पडला. मग गिऱ्हाईकाने दार वाजवलं.

सावली पडली नाही. काचेमागचा दिवा लागलाच नव्हता.

टक टक. दादा माझ्याकडे बघताहेत, माझं वाक्य तर संपलेलं. टक टक टक. आता त्यांनी वळून 'आज बंद आहे' म्हणायचं. एक सेकंद. फ्लोअर मॅनेजर माझ्या मागे जिवाच्या आकांताने हात हलवत असणार, पण तो माझ्याच आड होता. दोन सेकंद. शेवटच्या बाकावर साहेबांनी फाईल उघडली.

मी गल्ल्याला वळसा घालून दादांच्या पुढ्यात गेले. कॅमेऱ्याकडे पूर्ण पाठ. दिग्दर्शकाने कोणाला करू देऊ नये ते स्वतःच केलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "दादा, दार वाजतंय! ऐकू येत नाही का तुम्हाला?"

बोलले आणि मग कळलं, काय बोलले ते. सगळ्या जगासमोर. थेट.

दादांनी माझ्याकडे बघितलं. त्या दुपारी रंगवलेल्या दारापाशी बघितलं होतं, तसं. मग त्यांनी खुर्ची ओढली, आरामात टेकले, हातातली छत्री उघडून आपल्या डोक्यावर धरली आणि म्हणाले, "येतं गं. पण उघडलं की गिऱ्हाईक आत येतं."

जो काही हशा उठला! पायाखालच्या फळ्या थरथरल्या. दादांनी खाली फळ्यांकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते कागदावर नव्हतं. मला ते कॅमेऱ्यात पकडता आलं नाही, माझीच पाठ आड होती. दिग्दर्शक म्हणून त्याची हळहळ वाटते.

पुढची दहा मिनिटं कशी गेली आठवत नाही. संपलं तेव्हा लोक उभे होते.

बाहेरच्या बोळात साहेब आले. "चांगला झाला. पण ते दाराचं काय झालं? ठरवून होतं?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. दादांनी मला हाताने मागे केलं.

"ठरवून नव्हतं, साहेब," ते म्हणाले. नको तेवढ्या मोठ्याने, स्वतःचा आवाज त्यांना कळत नाही. "मला ऐकू येत नाही. सात वर्षं झाली. हिने बसवलं तसं बसवलं तर मी काम करू शकतो. नाहीतर नाही."

अख्खा बोळ थांबला. रंगभूषावाली, वीजवाले, घरी निघालेले प्रेक्षक. साहेबांचं तोंड पडलं. कोणकोण ऐकतंय ते बघायला त्यांनी मान वळवली आणि त्या वळलेल्या मानेनेच काहीतरी पुटपुटून झपाझप निघून गेले.

दादा माझ्याकडे वळले. "काय म्हणाले?"

चार दिवसांत कामाबाहेरचा पहिला प्रश्न. गोड करून सांगता आलं असतं. मी त्यांच्यासमोर नीट उभी राहिले. "म्हणाले, पुढच्या शनिवारपर्यंत बघू. मग ठरवू."

"एवढंच?"

"एवढंच."

"चेहरा कसा होता?"

"घाबरलेला."

"मग आपल्यातलाच आहे," दादा म्हणाले आणि रंग पुसायला निघून गेले.

आज दुपारी वहिनींचा फोन आला. दादांनी विचारलंय, उद्याची तालीम नऊला की दहाला? आणि पुढच्या भागात ज्या ठिकाणी मला पदरचं घालायचं असेल, तिथे आधीच खूण करून ठेव म्हणालेत.

मी पान काढून बसलेय. खुणा करतेय. सात झाल्या. भीती वाटतेच आहे.